साताऱ्याची एक जागा: यशवंतराव चव्हाणांचे इंदिरा काँग्रेसमध्ये परतणे

जानेवारी १९८० मध्ये लोकसभेचे निकाल लागले तेव्हा महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३९ इंदिरा काँग्रेसच्या पदरात पडल्या, ८ जनता पक्षाला मिळाल्या आणि एक उरली ती सातारा. ती यशवंतराव चव्हाणांनी अर्स काँग्रेसच्या, म्हणजे देवराज अर्स अध्यक्ष असलेल्या इंदिराविरोधी काँग्रेसच्या, चरखा या चिन्हावर राखली. देशभरात त्या पक्षाला एकूण १३ जागा मिळाल्या होत्या. समोर इंदिरा गांधींकडे ५२९ पैकी ३५३ होत्या.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मग केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी चारही वजनदार खाती सांभाळलेला हा माणूस १४ जानेवारी १९८० पर्यंत देशाचा उपपंतप्रधान होता. त्यानंतर ते विरोधी बाकावरच्या तेरांपैकी एक झाले. १९८१ मध्ये ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. परतताना एकटे होते, काही महिने ताटकळून परतले आणि आत गेल्यावर पक्षात त्यांना निर्णयाची कोणतीही जागा मिळाली नाही.

या प्रकरणाकडे सहसा भावनेने पाहिले जाते. कुणाला तो अपमान वाटतो, कुणाला शरणागती. इथे ते व्यवहार म्हणून तपासले आहे: हातात काय होते, समोरच्याला कशाची गरज होती, कोणत्या महिन्यात भाव काय होता. परतण्याचा निर्णय समजण्यासारखा होता. पण तो घेईपर्यंत दीड वर्ष गेले होते आणि त्या दीड वर्षात हातचे सगळे खर्चून झाले होते.

फुटीचा हिशेब

मार्च १९७७ च्या पराभवानंतर लोकसभेतले विरोधी पक्षनेतेपद यशवंतरावांकडे आले. जानेवारी १९७८ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधींनी वेगळे अधिवेशन भरवून पक्ष फोडला. पुढे हाताचा पंजा ही खूण घेतलेला पक्ष तो हाच. ब्रह्मानंद रेड्डी, स्वर्णसिंग आणि यशवंतराव जुन्या पक्षात, म्हणजे रेड्डी काँग्रेसमध्ये, राहिले. महिन्या-दीड महिन्यात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक आली: जनता ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दोन काँग्रेसनी मिळून सरकार केले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, इंदिरा गटाचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. चारच महिन्यांत, जुलै १९७८ मध्ये, शरद पवार आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला पुलोदचे, म्हणजे जनता पक्षाला सोबत घेऊन केलेल्या पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले.

या घडामोडीत यशवंतरावांचा हात किती होता यावर महाराष्ट्रात चार दशके वाद चालू आहे. प्रकरणाच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की वसंतदादांच्या लोकांनी त्यांना जबाबदार धरले, पवारांच्या लोकांनी त्यांना आपले मानले आणि दिल्लीत इंदिरा गांधींच्या गोटात ते दोन्हीकडून वजा झाले. पुढे परतीच्या अर्जावर कोण काय बोलणार, हे तिथेच ठरले.

त्यात जुन्या हिशेबाची भर होती. जुलै १९६९ मध्ये बंगळूरच्या संसदीय मंडळाच्या बैठकीत राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवताना यशवंतरावांनी नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने, म्हणजे इंदिरा गांधींच्या विरोधात मत दिले. त्याच वर्षी पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. पुढच्या वर्षी गृहखाते काढून त्यांना अर्थखाते दिले गेले. ‘कुंपणावर बसणारा’ ही त्यांच्यावरची टीका याच काळात घट्ट झाली. ती रास्त होती की नाही हा वेगळा विषय. पण पक्षप्रवेश देणाऱ्याच्या मनात अर्जदाराची शेवटची चूक नसते, पहिली असते.

सर्वांत महागडे तेवीस दिवस

भाव सर्वांत चढा होता तो जुलै १९७९ मध्ये. कर्नाटकचे मुख्यमंत्री देवराज अर्स इंदिरा गांधींपासून फुटून यशवंतरावांच्या पक्षात आले होते (पुढे हाच पक्ष अर्स काँग्रेस म्हणून ओळखला गेला), त्यामुळे लोकसभेतले विरोधी पक्षनेतेपद पुन्हा यशवंतरावांकडे आले. ११ जुलैला मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव त्यांनीच मांडला. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती संजीव रेड्डींनी सरकार बनवण्यासाठी पहिले निमंत्रण दिले ते यशवंतरावांना. त्यांनी चार दिवस चाचपणी करून ‘जमत नाही’ असे कळवले.

इथे थांबून बघायला हवे. त्या आठवड्यात दिल्लीत कुणाचेच बहुमत नव्हते, इंदिरा गांधींच्या मागे इतके खासदार नव्हते की त्यांना एकटीने काही करता यावे, आणि यशवंतरावांचा गट ज्या पारड्यात पडेल ते पारडे जड होणार होते. दोन काँग्रेस एकत्र आणण्याची बोलणी करायची तर हीच वेळ होती. ते चरणसिंगांबरोबर गेले. २८ जुलैला उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. इंदिरा गांधींनी बाहेरून दिलेला पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरे न जाताच, चरणसिंगांनी राजीनामा दिला. खरे सरकार चालले तेवीस दिवस. उरलेले काळजीवाहूपण जानेवारीपर्यंत.

आपल्याकडची सगळी शिल्लक एका पदावर घालवली, तीही अशा पदावर ज्याची दोरी इंदिरा गांधींच्याच हातात होती. नंतरच्या अर्जावर हीच नोंद सर्वांत ठळक दिसली असणार.

बाकीच्यांनी काय केले तेही पाहा. शंकरराव चव्हाणांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली होती, पुलोदमध्ये ते अर्थमंत्रीही होते. तरी १९८० च्या लोकसभेआधी ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, पंजावर नांदेडहून निवडून आले आणि त्याच वर्षी केंद्रात शिक्षणमंत्री झाले. वसंतदादाही निवडणुकीआधी गेले आणि सांगलीतून निवडून आले. दोघांनी इंदिरा गांधींच्या विरोधात राजकारण केले होते. दोघे परतले तेव्हा निकाल लागायचे होते. निकालाआधी आलेल्याने धोका पत्करलेला असतो, म्हणून त्याची नोंद होते. निकालानंतर येणाऱ्यांची रांग लागते.

आमदार आधी का जातात

१७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्राने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या, त्यात पुलोद सरकारही गेले. नव्या निवडणुकीत २८८ पैकी इंदिरा काँग्रेसला १८६ आणि अर्स काँग्रेसला ४७ जागा मिळाल्या. ९ जूनला अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यानंतर अर्स काँग्रेसचे आमदार एकेक, दोनदोन करून पलीकडे जाऊ लागले. शेवटी आपल्यामागे पाच-सहाच आमदार उरले होते, असे शरद पवारांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

हे केवळ लोभाने झाले असे म्हणणे सोपे आहे. सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीतून पाहिले तर वेगळे दिसते. नव्या कारखान्याला किंवा गाळप क्षमता वाढवायला १९५१ च्या उद्योग कायद्याखाली परवाना लागे, तो दिल्लीतून. भागभांडवलात राज्य सरकारचा वाटा, कर्जाला राज्य सरकारची हमी. हंगामापूर्वी राज्य सहकारी बँकेकडून मिळणारी उचलही शेवटी सरकारच्या मर्जीपासून फार दूर नसते. आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम ७८: निबंधकाला संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक बसवता येतो. मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे एकाच पक्षाची सत्ता आली की तालुक्यातल्या विरोधी आमदाराला हे सगळे दरवाजे एकाच दिवशी बंद होतात. तोच आमदार कारखान्याचा अध्यक्ष असतो, जिल्हा बँकेवर संचालक असतो, शिक्षणसंस्थेचा कार्यवाह असतो. ऊस उभा असतो, तो पाच वर्षे थांबत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातले हे जाळे उभे करण्यात यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाचा मोठा वाटा. बेरजेचे राजकारण म्हणून जे ओळखले जाते त्याचा पायाच हा: वेगवेगळ्या पक्षांतली, जातींतली कर्ती माणसे संस्थांमध्ये सामावून घ्यायची आणि संस्था सरकारशी जोडायच्या. या रचनेत एक कलम न लिहिलेले होते. सत्ता गेली की माणसे नेत्याबरोबर राहणार नाहीत, संस्थेबरोबर जातील, आणि संस्था सत्तेबरोबर.

म्हणून १९८० च्या अखेरीस यशवंतराव परतण्याचा विचार करू लागले तेव्हा त्यांच्या मागून जाण्यासारखे फारसे कुणी शिल्लक नव्हते. बरेचसे आधीच पोचले होते. नेत्याने अनुयायांना नेणे आणि अनुयायांच्या मागून नेत्याने जाणे, या दोन्हींना बाहेरून ‘स्वगृही परतणे’ असेच म्हणतात. दारावर उभ्या असलेल्याला फरक बरोबर कळतो.

समोर असलेल्या वाटा

वय ६७. पहिली वाट अर्स काँग्रेसमध्येच राहण्याची. पण तिचे अध्यक्ष देवराज अर्स यांनी जानेवारी १९८० मध्येच कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद गमावले होते. पुढे तेही पक्षातून बाहेर पडले, १९८१ मध्ये अध्यक्षपद शरद पवारांकडे आले आणि पक्षाच्या नावामागचे अक्षर अ चे स झाले. केरळात ए. के. अँटनींचा गट डाव्यांबरोबर सरकारात होता. म्हणजे एकाच पक्षाची महाराष्ट्र शाखा जनता पक्षाच्या शेजारी बसलेली, केरळ शाखा कम्युनिस्टांच्या मंत्रिमंडळात. अखिल भारतीय म्हणावे असे त्यात काही उरले नव्हते.

दुसरी वाट निवृत्तीची. वाचन-लेखन हा त्यांचा खरा जीव होता आणि आत्मचरित्राचे काम हातात होते. तिसरी, जनता पक्षाशी कायमची सोयरीक करून बिगरकाँग्रेसी राजकारणात ज्येष्ठाची भूमिका घेण्याची. जन्मभर काँग्रेसच्या मंडपात वावरलेल्या माणसाला ती कधी मानवलीच नसती, आणि त्याच काळात जनता पक्षच फुटून त्यातून भाजप निघाला होता. चौथी वाट परतीची.

चौथ्या वाटेमागचा विचार हलका नव्हता. काँग्रेसबाहेर राहून महाराष्ट्रात काही घडवता येत नाही, हे ते मानत होते आणि त्यांच्या हयातीपुरते ते खरेही होते. प्रश्न राहिला तो पलीकडच्या गरजेचा. दिल्लीत ३५३, मुंबईत १८६. एका खासदाराने आकडा हलत नव्हता. मराठा समाजातले वजन म्हणावे तर वसंतदादा आणि शंकरराव आधीच आत होते, आणि अंतुल्यांना मुख्यमंत्री करून इंदिरा गांधींनी त्या वजनाशिवायही राज्य चालवता येते हे दाखवायचे ठरवले होते. आतल्या निष्ठावंतांना, म्हणजे १९७८ च्या पडत्या काळात पंजा धरून राहिलेल्यांना, हा प्रवेश नकोच होता. यशवंतरावांसारखा माणूस आत आला की ज्येष्ठतेची यादी पुन्हा लिहावी लागते.

अर्ज

पक्षप्रवेशाचा व्यवहार दोन तऱ्हांनी होतो. एकीत आधी सगळे मध्यस्थांमार्फत ठरते: पद काय, बरोबर कोण, कोणत्या तारखेला, व्यासपीठावर कोण असणार. मग जुन्या पक्षाचा राजीनामा आणि नव्या पक्षाचा हार एकाच दिवशी. दुसरीत आधी इच्छा जाहीर होते आणि मग उत्तराची वाट पाहावी लागते. यशवंतरावांचे दुसऱ्या तऱ्हेने झाले. पक्षाच्या अध्यक्षा स्वतः इंदिरा गांधी होत्या, म्हणजे निर्णयाला दुसरे दार नव्हते. उत्तर महिने लांबले.

या मधल्या काळात काय बिघडते ते एकदा नीट मांडायला हवे, कारण नुकसान प्रवेश नाकारल्याने जेवढे होते त्याहून जास्त लांबवल्याने होते. जुन्या पक्षात त्या माणसाला बैठकीला बोलावणे बंद होते. नव्या पक्षातले विरोधक बोलायला मोकळे होतात आणि त्यांना गप्प करणारे कुणी नसते. जिल्ह्यातला कार्यकर्ता रोज वर्तमानपत्र उघडून पाहतो आणि पंधरा दिवसांनी स्वतःची सोय लावतो. वृत्तपत्रांना दररोज एक ओळ मिळते. अर्जदाराला माघार घेता येत नाही, कारण माघारीचा अर्थ ‘नाकारले’ असाच निघतो. दर आठवड्याला किंमत उतरत जाते आणि ज्याने निर्णय द्यायचा त्याला घाई करण्याचे काहीच कारण राहत नाही. इंदिरा गांधींना नाही म्हणायची गरजच पडली नाही.

शरद पवार बरोबर गेले नाहीत. मानसपुत्र मानल्या गेलेल्या माणसाने बाहेर राहायचे ठरवले, याने यशवंतरावांच्या अर्जातले शेवटचे वजनही निघाले. पवार आणि उरलेला गट घेऊन गेले असते तर ती महाराष्ट्रातला विरोध संपवण्याची बोली झाली असती. अँटनींची बोली तशी होती: ऑक्टोबर १९८१ मध्ये त्यांनी नायनार सरकारचा पाठिंबा काढला, डाव्यांचे सरकार पडले आणि १९८२ मध्ये त्यांचा गट इंदिरा काँग्रेसमध्ये विलीन झाला. हातात पाडायला सरकार होते.

खासदारकीचा प्रश्न त्या वेळी कुणी फार ताणला नाही. सातारकरांनी चरख्यावर, पंजाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिले होते. कायद्याने राजीनामा द्यावा लागत नव्हता आणि तो दिला गेला नाही. त्याच सुमारास उलट्या दिशेने गेलेल्या हेमवतीनंदन बहुगुणांनी १९८० मध्ये इंदिरा काँग्रेस सोडताना गढवालची जागाही सोडली, पोटनिवडणूक लांबत लांबत १९८२ पर्यंत गेली आणि ते पुन्हा निवडून आले. साताऱ्यात पोटनिवडणूक होऊन यशवंतराव पंजावर परत निवडून आले असते, तर ते दिल्लीच्या मेहेरबानीने नव्हे, मतदारांच्या हुकमाने आत गेले असते. हा आमचा तर्क आहे. १९८० सालच्या लाटेतही ज्याने ती जागा राखली, त्याला ती पुन्हा जिंकणे अवघड नव्हते.

आत गेल्यावर

१२ जानेवारी १९८२ रोजी सिमेंट प्रकरणात, म्हणजे सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या आरोपावर, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि अंतुल्यांना जावे लागले. महाराष्ट्राचा नवा मुख्यमंत्री ठरवायचा होता आणि महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री पक्षात होता. निवड झाली बाबासाहेब भोसल्यांची. वर्षभरात तेही गेले आणि २ फेब्रुवारी १९८३ ला वसंतदादा आले. निकालाआधी परतलेले वसंतदादा.

यशवंतरावांना मिळाले ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद, १९८२ मध्ये. संविधानाच्या कलम २८० खालचा हा आयोग केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवतो. माजी अर्थमंत्र्याला साजेसे, पण राजकारणातून अलगद उचलून बाजूला ठेवणारे काम. ते त्यांनी मन लावून केले. केंद्रीय अबकारी करातला राज्यांचा वाटा ४० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर नेण्याची शिफारस याच आयोगाची, आणि वाढीव पाच टक्के महसुली तुटीच्या राज्यांसाठी राखलेले. परतीच्या राजकारणावर लिहिणारे या अहवालाकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांच्या शेवटच्या चार वर्षांतले टिकाऊ काम तेच होते. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या.

आज हाच अर्ज केला असता तर

१ मार्च १९८५ पासून संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, लागू झाली आणि १९८१ चा रस्ता बंद झाला. निवडून आलेल्या सदस्याने पक्षाचे सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडले’ की अपात्रता. आणि सोडणे म्हणजे राजीनाम्याचा कागदच हवा असे नाही. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. म्हणजे ‘मला परत यायचे आहे’ असे जाहीर करून महिनोन्महिने उत्तराची वाट पाहत खासदार राहणे आज जोखमीचे आहे. मूळ कायद्यात एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण होते, ते २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेले. उरली ती दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट. एकट्याने जायचे तर आधी सदस्यत्वाचा राजीनामा.

लांबलेल्या उत्तराचा त्रास मात्र कायद्याने संपला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे विधान परिषद सदस्य एकनाथ खडसे यांनी भाजपमध्ये परतण्याचे जाहीर केले. प्रवेश काही झाला नाही आणि काही महिन्यांनी ते आहे तिथेच राहिले. साल बदलले, अधांतर तेच.

चरख्याचे पुढे काय झाले

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावांचे दिल्लीत निधन झाले. अंत्यसंस्कार कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर झाले. त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९८५ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. त्यांनी मृत समजून सोडलेल्या पक्षाने शरद पवारांच्या नेतृत्वाखाली ५४ जागा जिंकल्या. इंदिरा काँग्रेस १८६ वरून १६१ वर आली. मुख्यमंत्री वसंतदादा, मग निलंगेकर, मग शंकरराव अशी वर्षभरात दोनदा खुर्ची बदलली आणि मुंबई महापालिका जिंकलेली शिवसेना ग्रामीण भागात उतरण्याच्या तयारीला लागली. आता पलीकडच्याला गरज होती.

डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादला जाहीर सभेत, राजीव गांधींच्या उपस्थितीत, समाजवादी काँग्रेस विलीन झाली. नव्या कायद्याप्रमाणे ५४ पैकी किमान ३६ आमदार सोबत असणे आवश्यक होते. तारीख, जागा, व्यासपीठ सगळे आधी ठरलेले. तरीही पवारांना लगेच काही मिळाले नाही. शंकररावांच्या हाताखाली मंत्री होण्याचा प्रश्न नव्हता आणि मुख्यमंत्रिपद रिकामे नव्हते. दीड वर्ष ते पक्षात नुसते आमदार म्हणून राहिले. २६ जून १९८८ रोजी शंकरराव दिल्लीला गेले आणि पवारांनी शपथ घेतली.